चंद्रोदय, वजा दीड तास

आमच्या घरातला एसी शेजाऱ्यांच्या बाजूला होता. शारजाच्या रोला भागात एका फ्लॅटचे प्लायवूड ठोकून तीन तुकडे केले होते, आणि त्यातला मधला, बिनखिडकीचा तुकडा आमचा. प्लायवूड छतापर्यंत जात नव्हतं. वर हातभर फट होती आणि त्या फटीतून शेजारच्या मल्याळी कुटुंबाची थंडी आमच्याकडे उतरायची. तिच्याबरोबर त्यांचा रेडिओ, तळलेल्या मासळीचा वास, त्यांच्या बाळाचं किरकिरणं, सगळंच यायचं. ते लोक सुट्टीला गावी गेले की एसी बंद करून खोलीला कुलूप लावून जायचे. मग ऐन जुलैत आई फरशीवर पाणी शिंपडायची आणि ओल्या फरशीवर आई, बाबा, दादा आणि मी ओळीने आडवे व्हायचो. पाणी सुकलं की ती उठून पुन्हा शिंपडायची. मोठ्याने बोलायची सोय नव्हती. हसायचं झालं तरी उशीत तोंड घालून.

आणि माझे बाबा थंडी दुरुस्त करायचे. तोच त्यांचा धंदा. सातवीतून शाळा सुटली तेव्हा ते रत्नागिरीला मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात लागले, लाद्या ओढता ओढता मशीनकडे सरकले, आणि मशीनच्या मागे मागे शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आले. बंदरावर जे थंड कंटेनर उतरतात, मटणाचे, सफरचंदांचे, लोण्याचे, त्यांची यंत्रं ते उघडायचे आणि जोडायचे. दिवसभर दुसऱ्यांची सफरचंदं थंड ठेवून घरी यायचे ते कॉम्प्रेसरच्या तेलाचा वास घेऊन. साबणाने तो जात नसे. मला तो वास आवडायचा.

आई नववीपर्यंत शिकलेली. तिच्याकडे एकच शास्त्र होतं, संकष्टीचं. दर वर्षी गावाहून कोणाच्या तरी बॅगेतून गुंडाळी करून कॅलेंडर यायचं. त्यात संकष्टीच्या चौकटीत चंद्रोदयाची वेळ छापलेली असते. आई ती बघायची आणि त्यातून दीड तास वजा करायची, कारण शारजाचं घड्याळ भारताच्या दीड तास मागे. गावी फोन करायचा तर दीड तास, टीव्हीवरच्या मालिकेला दीड तास, तसाच चंद्रालाही. खिडकी नव्हती, त्यामुळे चंद्र दिसायचा प्रश्नच नव्हता. वजाबाकीची वेळ झाली की ती ताटलीत मोदक ठेवायची, वरच्या फटीकडे तोंड करून हात जोडायची आणि उपास सोडायची. आमची थंडीही त्या फटीतूनच यायची आणि आमचा चंद्रही.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे रशीदभाईंचा फोन. रशीदभाई बाबांचे वर्कशॉपातले जन्माचे सोबती, सियालकोटचे. बाबा जाऊन वर्ष होत आलं.

"बेटा, दुकान बंद कर रहा हूँ. तेरे बाप का सामान पड़ा है, आके देख ले."

मी आता दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये राहते, तिथेच माझं ऑफिस. सुट्टीच्या दिवशी शारजाला गेले. इंडस्ट्रियल एरियात काही बदललेलं नाही. तेच टायरचे ढीग, तीच वेल्डिंगची निळी ठिणगी, चहाच्या कपात बसणारी तीच वाळू. वर्कशॉपच्या मागच्या अंगणात भंगार कॉम्प्रेसरांचा ढिगारा होता आणि त्याच्यावर विटक्या हिरव्या कापडाचं पांघरूण. मी कापडाची कड उचलली. आतून दोरीची नाडी निघाली, तिला आईने निळ्या दोऱ्याने मारलेला टाका.

"पहचाना?" रशीदभाई म्हणाले. "यूरोपवाला तंबू. पहले किसीको हाथ नहीं लगाने देता था. फिर एक दिन खुद लाके डाल दिया इनपे. बोला, रेत से तो बचाएगा."

मी खाली बसून कापडाला नाक लावलं. पहिल्यांदा हा तंबू घरी उघडला होता तेव्हा त्यातून गवताचा वास आला होता.

तोवर आम्ही प्लायवूडमधून निघून खऱ्या भिंतींच्या एका खोलीत आलो होतो. मी सातवीत होते, दादा बारावीत जाणार होता. कंटेनरची यंत्रं बनवणारा कारखाना डेन्मार्कमध्ये होता, आणि त्यांनी नव्या मशीनचं ट्रेनिंग घ्यायला बाबांना महिनाभर बोलावलं. दादाला बारावीनंतर शारजात ठेवता येणार नव्हतं. सगळ्यांचीच मुलं त्या वयात भारतात जायची. बापाच्या व्हिसावर मुलगा किती दिवस राहणार. एकदा गेलेलं मूल पाहुण्यासारखं परत येतं, हे आईने बिल्डिंगमध्ये घरोघरी पाहिलं होतं. तेव्हा डेन्मार्कला जाताना बाबांच्या पोटात एक गोष्ट होती, आणि ती आम्हा सगळ्यांना माहीत होती. तिथे नोकरी मिळाली तर चौघं एकत्र राहू. तिथे म्हणे कॉलेजही तिथलंच असतं, कोणाला कुठे पाठवावं लागत नाही.

ट्रेनिंग संपता संपता शाळेला सुट्टी लागली आणि आम्ही तिघं तिकडे जायचं ठरलं. हॉटेल परवडणारं नव्हतंच. दुबईतलं एक गोरं कुटुंब कायमचं परत चाललं होतं, त्यांच्या सामानातून बाबांनी जायच्या आधीच हा तंबू आणला. आणला त्या दिवशी खोलीतच उभा करून बघितला. एक दोरी एसीच्या ग्रिलला, एक दाराच्या कडीला, एक सोफ्याच्या पायाला. आतमध्ये हिरवा उजेड पडला, आणि तो वास. ओलं, दाबलेलं, वाळलेलं गवत, कुठल्या तरी परक्या उन्हाळ्याचं. आई म्हणाली, "कोणाचं तरी घर वाटतंय." मग आम्ही चौघं आत जाऊन उगाच बसून राहिलो. चहासुद्धा आतच घेतला.

डेन्मार्कच्या त्या छोट्या गावात बाबा आम्हाला घ्यायला आले ते स्वेटर घालून. उन्हाळ्यात स्वेटर घातलेले बाबा मी प्रथमच पाहत होते. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी सांगून टाकलं, "कारखान्याच्या येन्ससाहेबांना विचारलंय मी. सरळ विचारलं, जागा आहे काय म्हणून. ते म्हणाले, वुई विल सी. कारखाना बंद आहे, उघडला की सांगतो."

आईचा चेहरा उतरला. "बंद पडला? अहो, मग जागा कुठली?"

"बंद पडला नाय गो. सुट्टी. इथे जुलैत अख्खा कारखाना सुट्टीवर जातो. टाळं लावून."

"टाळं लावलेला कारखाना पुन्हा उघडलेला पाहिलाय कधी आपण?" आई म्हणाली. तिच्या माहेरी सगळं घर एका गिरणीच्या टाळ्याखाली बसलेलं होतं.

"आणि वुई विल सी म्हणजे काय, बाबा?" दादाने मागून विचारलं.

"म्हणजे बघू. हे लोक बोलतात ते करतात. आपल्या मुदीरसारखं, मॅनेजरसारखं नाय, तोंडावर इन्शाल्ला आणि मागे काहीच नाही."

"बाबा, दॅट इज देअर इन्शाल्ला."

"गप रे. नकारघंटा."

तर कारखाना उघडेपर्यंत थांबायचं होतं. येन्ससाहेबांनी भावाची जुनी लांबडी गाडी दिली, मागे तंबू टाकला, आणि बाबा म्हणाले, "यल्ला, चला. बसून राहण्यापेक्षा बघून घेऊ, कुठे राहायचंय ते." असा तो आमचा प्रवास. लोक युरोप बघायला जातात, आम्ही घर बघायला निघालो होतो.

मला तो प्रवास क्रमाने आठवत नाही. बोटीतून गाडीसकट उतरलेलो आठवतं, पोटात शिरणारा डिझेलचा धूर आणि त्याच्यामागोमाग एकदम चिडाच्या झाडांचा वास. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडंच झाडं, मधूनच आरशासारखं एखादं तळं, तळ्याकाठी गेरूसारख्या लाल रंगाचं लाकडी घर. गवतावर अनवाणी चालणं आठवतं. शारजात समुद्राकाठच्या कॉर्निशवर गवत होतं, पण त्याच्यावर पाटी होती. इथे आईसुद्धा चपला हातात घेऊन चालायची आणि मधेच थांबून पायाखाली बघायची, काही हरवल्यासारखं. जंगलातली निळी बोरं खाऊन दादाचे दात निळे झाले होते. पावसात तंबू गळला आणि नाडी उसवली, तेव्हा आईने साडीला फॉल लावायच्या निळ्या दोऱ्याने ती शिवली. सकाळी सगळ्यांच्या अंथरुणाला ओल्या लोकरीचा वास असायचा. बाबांच्या अंगाचा तेलाचा वास तिथे उडून गेला होता. मला झोपेत ते ओळखू यायचे नाहीत.

जिथे तंबू लावायचो त्या कॅम्पात सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर असायचं. आईने शारजाहून कुकर आणला होता. पहिली शिट्टी झाली तेव्हा शेजारच्या शेगडीवर सॉसेज भाजणारं एक म्हातारं जोडपं हातातलं टाकून बाहेर पळालं. आई कॉन्शस झाली. दुसऱ्या दिवसापासून ती शिट्टी यायच्या आत कुकरवर ओला टॉवेल धरून उभी राहायची. आवाज करायचा नाही, ही सवय तिला होतीच.

आणि आमचा खेळ. दिवसभर गाडीतून घरं निवडायची. "हे आपलं." ज्याला जे आवडेल ते त्याचं, पण राहायचं मात्र चौघांनी. बाबांना प्रत्येक घराचं छप्पर आवडायचं. मला जिथे झोका असेल ते. आई म्हणायची, "मला काही नको. खिडकी पाहिजे. आकाशाकडची." दादा बरेच दिवस खेळला नाही, वॉकमन कानाला लावून बसायचा. मग एका वळणावर, कोणी विचारलेलं नसताना, म्हणाला, "दॅट वन. विथ द बोट." आम्ही सगळे वळून वळून बघत राहिलो. साधंच घर होतं. दारात बोट उलटी करून ठेवली होती, बस.

नॉर्वेत डोंगरांच्या मधून समुद्र आत शिरतो. अशाच एका चिंचोळ्या पाण्याच्या काठी आमचा तंबू होता. जमीन खडकाची, खुंट्या आत जाईनात. बाबांनी दोऱ्या दगडांना आणि गाडीच्या चाकांना बांधल्या होत्या. सकाळी आईने पर्समधून कॅलेंडरचं फाडून आणलेलं पान काढलं.

"आज संकष्टी आहे. आज मागून घेते."

काय मागायचं ते कोणी विचारलं नाही. दिवसभर ती चहावर राहिली. संध्याकाळी तिने हिशोब केला. इथलं घड्याळ भारताच्या साडेतीन तास मागे. वजा करून जी वेळ आली तेव्हा ऊन तंबूवर चांगलं तापलेलं होतं, आणि पाण्यात पोरं पोहत होती. ताटलीत नारळाऐवजी बदाम घातलेले दोन मोदक होते, आणि आई ऊन डोळ्यांवर घेऊन डोंगराकडे बघत होती.

दादाला हसू आलं. "आई, मून इज नॉट अ फोन कॉल."

"म्हणजे?"

"रत्नागिरीला उगवला म्हणून इथे उगवत नाही. पृथ्वी फिरते ना? तो ज्या त्या गावाला त्या त्या गावाच्या घड्याळाने उगवतो. शारजात पण. तिकडे रात्री दहाला असेल तर शारजात पण अराउंड दहा. यू डोन्ट मायनस एनीथिंग."

आईने ताटली खाली ठेवली. "म्हणजे शारजात मी उपास सोडायचे तेव्हा..."

दादाचं हसू गेलं. "इट्स ओके, आई."

"तेव्हा तो उगवलेलाच नसायचा?"

"अगो, देव भाव बघतो," बाबा म्हणाले. "घड्याळ नाही बघत."

"मग चंद्र बघूनच जेवायचं असं कशाला सांगितलंय?"

पाण्यातली पोरं ओरडत होती. आईने मोदक झाकले. "आज बघून सोडणार," ती म्हणाली. "एकदा तरी नीट होऊ दे."

मग आम्ही चंद्र शोधायला निघालो. बाबा गाडी चालवत होते आणि रस्ता पाण्याच्या कडेकडेने वळत होता. प्रत्येक वळणावर पलीकडे एक डोंगर होता, आणि त्या डोंगरामागे दुसरा. अंधार होईल असं वाटत होतं, तो होत नव्हता. आभाळ ताकाच्या निवळीसारखं झालं आणि तसंच राहिलं. रस्त्यात कुत्रा फिरवणारी एक बाई दिसली. बाबांनी काच खाली केली.

"मॅडम, मून? व्हेअर?"

ती आधी घाबरली, मग हसली. डोंगरांकडे हात केला, डोकं हलवलं. "समर, नो. कम इन विंटर."

"थँक यू," बाबा म्हणाले. गाडी थोडी पुढे गेल्यावर म्हणाले, "विंटरमध्ये दिसतो म्हणते. म्हणजे आपण इथेच असू तेव्हा."

आई मागे माझ्याशेजारी बसली होती. तिने ताटली मांडीवर धरली होती, वर फडकं. वळणावर ती दोन्ही हातांनी ताटली सावरायची. आम्ही परत आलो तेव्हाही उजेड होता. ती न जेवता झोपली. सकाळी मोदक पाण्याजवळच्या खडकावर होते, आणि एक पांढरा पक्षी ते खात होता.

कारखाना उघडला त्या सोमवारी बाबांनी कॅम्पातल्या इस्त्रीने शर्ट कडक केला. आम्ही तिघं गाडीत, फाटकासमोर. आईने सीटबेल्ट काढलाच नव्हता. लोक सायकलवरून येत होते, उन्हाने लाल झालेले, सुट्टीच्या गप्पा मारत. टाळं खरंच उघडलं होतं. बाबा बाहेर आले तेव्हा येन्ससाहेब त्यांच्या खांद्यावर हात ठेवून दारापर्यंत आले होते. तो हात पाहिल्याबरोबर दादाने वॉकमन कानाला लावला.

बाबा बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर. "माणूस चांगला आहे," म्हणाले. "म्हणतो, काम बेस्ट आहे तुझं. पण कागद लागतो."

"कसला कागद?"

"कॉलेजचा."

मग आई म्हणाली, "तंबू ओला भरलाय. वाळवायला हवा, नाहीतर वास धरेल."

परत आल्यावर पुढची संकष्टी आली. कॅलेंडर भिंतीवर होतंच. आई त्या दुपारी आमच्याबरोबर वरण-भात जेवली. मी चौकटीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. तिने मला आणखी भात वाढला. त्यानंतर तिने संकष्टी केली नाही. कॅलेंडर मात्र येत राहिलं, त्याच्यावर ती गॅसचं सिलिंडर कधी आणलं ते लिहायची.

दादा पुढच्या वर्षी पुण्याला गेला, तिथून कॉलेज अर्ध्यावर सोडून कॅनडाला. दिवाळीला फोन येतो. मधे किती तास वजा करायचे ते त्याच्या आणि माझ्या दोघांच्याही लक्षात राहत नाही, त्यामुळे एकाची झोपमोड ठरलेली. त्याच्या मुलींना तो मराठीत काही तरी बोलायला सांगतो आणि त्या "हाय आत्या" म्हणतात. मागे एकदा मी त्याला ते बोटवालं घर आठवतं का विचारलं. "विच वन?" म्हणाला. खरंच विचारत होता. आई बाबांच्या आधी गेली, शारजाच्या हॉस्पिटलात. तिच्या पलंगाजवळ खिडकी होती. बाहेर समोरच्या बिल्डिंगचे एसीचे डबे. बाबा वर्कशॉपातून घरी येताना गेले. आम्ही चौघं एका छपराखाली शेवटचे झोपलो असू तर या कापडाखाली. शारजात परतल्यावर एक खोली होती खरी, पण दादा तेव्हापासून गच्चीवर झोपायला लागला.

मी कापडाला नाक लावून किती वेळ बसले होते कोणास ठाऊक. गवत नव्हतं, पाऊस नव्हता, चीड नव्हता. कॉम्प्रेसरचं तेल होतं फक्त. तिथे ज्या वासाशिवाय बाबा ओळखू येत नव्हते, तो वास आता सगळीकडे होता आणि बाबा नव्हते.

"ले जाएगी?" रशीदभाईंनी विचारलं.

माझा स्टुडिओ फ्लॅट आहे. एकटीचा. त्यात चार माणसांचा तंबू उभा करायला दोऱ्या बांधायच्या कुठे.

"रहने दीजिए," मी म्हटलं. "मशीनें ढकी रहने दीजिए."

त्यांनी कड पुन्हा नीट खाली खोचली, वर एक वीट ठेवली आणि चहा सांगायला आत गेले.

याच अंगणात मी बाबांना माझा कॉलेजचा कागद दाखवला होता. मीही पुण्यालाच शिकले, आणि तिथून थेट इथेच आले होते, बॅग खांद्यावर. त्यांनी आधी थिनरने हात धुतले, मग साबणाने, मग पँटला पुसले, आणि तो फक्त कडांना धरला. इंग्रजी त्यांना सावकाश यायचं. माझ्या नावावर बोट नेलं, टेकवलं नाही.

"हाच काय गो तो?"

"हाच."

"एवढाच असतो?" म्हणाले. कागद उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली. मग परत दिला. "ठेव आत. तेल लागेल."

मी मेकॅनिकल इंजिनियर आहे. आमच्या घरातली पहिली पदवीधर.